उटकटारीची मुळी

बाहत्तरच्या दुष्काळात मी बारा वर्षांचा होतो. वडील खडी फोडायच्या कामावर, घरापासून लांब. कामावर सुकडी मिळायची, घरात मिलोची लाल भाकरी. आई पोटुशी होती. दिवस भरले आणि एका सकाळी कळा सुरू झाल्या. दुसऱ्या दिवशी दुपारपर्यंत मोकळी होईना, तेव्हा आज्जीने मला हाक मारली. "उटकटारीची मुळी घेऊन ये. केसात बांधायची हाय. पळ."

तेव्हा हे सगळीकडेच चालायचं. बाळंतीण अडली की उटकटारीची मुळी केसात नाहीतर कमरेला बांधायची, आणि सुटका झाली की लगेच सोडायची. सोडायला उशीर केला तर आतडीसुद्धा बाहेर ओढते म्हणायचे, एवढा त्या मुळीचा दरारा!

मी खुरपं घेऊन पडीक रानात गेलो. काटेरी पानांचं एक रोप दिसलं, उपटलं आणि धावत घरी आलो. आज्जीने पान मोडलं, पिवळाधमक चीक आला. "आरं मुडद्या, ही बिलायत हाय!" म्हणून तिने ते अंगणात भिरकावलं.

बिलायत म्हणजे पिवळा धोत्रा. नावातच सांगितलंय की ही बाहेरची. मूळची मेक्सिकोकडची, म्हणून शास्त्रीय नावातही मेक्सिको आहे. तिचं बी मोहरीसारखं दिसतं. 1998 साली दिल्लीत मोहरीच्या तेलात तिचं तेल मिसळलं गेलं, माणसं सुजली आणि साठावर दगावली. ती बातमी वाचली तेव्हा मला आमचं अंगण आठवलं.

फुलं असली तर पोरगंसुद्धा फसत नाही. बिलायतीचं फूल पिवळं, कागदासारखं पातळ. उटकटारीला काट्यांचा गोल चेंडू येतो, पांढुरका, थोडी निळसर झाक असलेला. काही भागात तिला काटेचेंडूच म्हणतात. तो चेंडू म्हणजे एक फूल नव्हे, बारक्या बारक्या फुलांचा मेळा. पण रोप लहान, जमिनीलगत पसरलेलं असलं की घोटाळा होतो. तेव्हा पान उलटून बघायचं. उटकटारीचं पान खालून कापूस लावल्यासारखं पांढरं असतं. बिलायतीला तसली लव नसते, तिच्या शिरा वरूनच पांढऱ्या दिसतात, आणि मोडलं की पिवळा चीक. उटकटारी ही आपल्या करडईच्या कुळातली. करडईचे काटे आपण ज्वारीच्या कडेने मुद्दाम पेरतो, जनावर आत शिरू नये म्हणून. हिला मात्र कोणी पेरत नाही. उंट आवडीने खातो म्हणून उंटकटारा हे नाव. आमच्या माणदेशात शेळीसुद्धा वास घेऊन पुढे जाते.

त्या दिवशी आज्जीने हे सगळं चार शब्दांत सांगितलं आणि मला परत पाठवलं. उटकटारी सापडली ती ओढ्याच्या पलीकडे, मुरमात. मुळी सरळ खाली गेलेली. जमीन दगडासारखी, खुरप्याचा दांडा मोडला. घरी आलो तेव्हा दिवे लागले होते. आज्जीने मुळी केसात बांधली. पहाटे भाऊ झाला, पण रडला नाही.

आई वाचली. मला कोणी काही बोललं नाही. फक्त एकदा आत्या म्हणाली, "बिलायत आणली नसती तर..." आणि गप्प झाली. ते अर्धं वाक्य मी तीस वर्षं वागवलं. पुढे गावात आलेल्या एका नर्सबाईंना सगळी हकिगत सांगितली. त्या म्हणाल्या, "मूल आडवं असणार हो. मुळीने काय होणार? दवाखान्यात न्यायला हवं होतं." दवाखाना होता चौदा मैलांवर, आणि दुष्काळात बैल छावणीला.

तरीही मी बांधावर उटकटारी राखली आहे. का, ते मुलगा विचारतो, मी सांगत नाही. वाळलेले चेंडू हातमोजे घालून चुरायचे आणि मृगाआधी मुरमात टाकायचे, एवढंच काम. काळ्या रानात टाकलेली रोपं पाणी साचून कुजली. उपटून दुसरीकडे लावलेलं एकही जगलं नाही, सोटमूळ तुटलं की संपलं. पुस्तकांत कुठे वर्षायू लिहितात, कुठे बहुवर्षायू. माझ्या बांधावरची काही उन्हाळ्यात पार वाळून जातात आणि पावसात त्याच जागी पुन्हा फुटतात.

परवाच्या थंडीत शेजारची म्हातारी आली. सून अडली होती. "दादा, मुळी द्या." मी आधी 108 ला फोन लावला आणि मग कुदळ घेतली. गाडी आली तेव्हा मुळी पोरीच्या केसात होती. गाडीतल्या डॉक्टरांनी ती पाहिली, काही बोलले नाहीत. रात्री निरोप आला, मुलगी झाली, दोघी बऱ्या आहेत. म्हातारीने पहिला प्रश्न मलाच विचारला, "मुळी सोडली असंल ना त्यांनी?"

मुळी काढलेला खड्डा मी बुजवला नव्हता. आषाढात बघितलं तर त्याच्या कडेला दोन पानं होती. उलटून पाहिली. खालून पांढरी.