मिठी नदीचा धडा

प्लास्टिकचा आणि आपला संबंध तसा फार जुना नाही. पॉलिथिन हा पदार्थ इंग्लंडमध्ये १९३३ साली एका प्रयोगात अचानक हाती लागला. आपल्या खेड्यांत तो यायला आणखी कित्येक वर्षे गेली. तोवर बाजार कापडी पिशवीतून येई, किराणा कागदाच्या पुडीतून येई आणि पंगतीला पत्रावळी असत. उरलेसुरले सारे उकिरड्यावर जाई व खत होऊन शेतात पडे. टाकलेली वस्तू कुजते, हे आपल्या इतके अंगवळणी पडले होते की, पॉलिथिनची पिशवीही आपण त्याच हाताने टाकली. वस्तू बदलली, सवय मात्र तीच राहिली. घोटाळा झाला तो इथेच.

त्याची किंमत मुंबईने मोजली. विहार व पवई तलावांच्या सांडव्यातून निघणारी मिठी नदी जेमतेम १८ किलोमीटर वाहून माहीमच्या खाडीला मिळते. २६ जुलै २००५ रोजी सांताक्रूझला चोवीस तासांत ९४४ मिलिमीटर पाऊस झाला. आपल्या कडेगावकडे बहुतेक वर्षी बाराही महिन्यांत एवढा होत नाही! त्यातच समुद्राला भरती आली. भराव आणि बांधकामे यांनी नदीचे पात्र आधीच आवळलेले होते, गटारांची तोंडे पिशव्यांनी तुंबली होती. शेकडो माणसे प्राणास मुकली. दोष एकट्या पिशवीचा नव्हता हे खरे. पण पाण्याची वाट अडवण्यात तिचाही वाटा होता.

मग कायदे आले. महाराष्ट्राने २३ मार्च २०१८ रोजी प्लास्टिकबंदीची अधिसूचना काढली. १ जुलै २०२२ पासून एकदाच वापरून फेकायच्या अनेक प्लास्टिक वस्तूंवर देशभर बंदी आली. पण कायद्याच्या आधीच काही माणसे कामाला लागली होती. ऑक्टोबर २०१५ मध्ये अफरोज शाह या तरुण वकिलाने एका वृद्ध शेजाऱ्यासह वर्सोव्याच्या किनाऱ्यावरचा कचरा उचलायला सुरुवात केली. पुढे शेकडो हात जोडले गेले. मार्च २०१८ मध्ये त्याच वाळूतून ऑलिव्ह रिडले कासवांची पिल्ले समुद्राकडे जाताना लोकांनी पाहिली. मात्र भरतीबरोबर कचरा पुन्हा येतच राहिला. कारण उघड आहे. समुद्र कचरा तयार करीत नाही; नद्या-नाले आणून देतात तोच तो परत करतो.

आता कुणी म्हणेल, समुद्र कुठे अन् आपण कुठे! पण आपली येरळा ब्रह्मनाळजवळ कृष्णेला मिळते आणि कृष्णा बंगालच्या उपसागराला. उन्हाळ्यात कोरड्या पात्रात टाकलेली पिशवी पहिल्या पावसाची वाट पाहत असते. वाटेत ती बंधाऱ्यात अडकेल, एखाद्या गुराच्या पोटात जाईल किंवा पुढे वाहत जाईल. कुजणार मात्र नाही.

गाडगेबाबांनी आधी हाती खराटा घेतला, मग कीर्तन केले. शिक्षकबंधूंनी पावसाळ्याच्या तोंडी मुलांना घेऊन गावचा ओढा एकदा पाहावा. किती पिशव्या, कुठून आल्या, एवढे मोजले तरी पुष्कळ झाले. भूगोलाचा धडा तिथेच होईल, आणि बाजाराला निघताना कापडी पिशवीची आठवण घरोघरी मुलेच करून देतील.