गळा की छाती : माग काढणाऱ्या कुत्र्याच्या दोरीचा इतिहास

घरफोडीच्या बातमीत एक वाक्य आपण वर्षानुवर्षे वाचत आलो आहोत : श्वानपथकास पाचारण करण्यात आले, श्वानाने मुख्य रस्त्यापर्यंत माग काढला व ते तेथेच घुटमळले. या वाक्यात कुत्रा असतो, रस्ता असतो, क्वचित श्वान हस्तकाचे नावही असते. नसते ती दोरी. कुत्र्याचे नाक आणि माणसाचा हात यांना जोडणारी ती एकच वस्तू. तिचे एक टोक कुत्र्याच्या अंगावर नेमके कुठे बांधलेले होते, हा प्रश्न कोणी विचारीत नाही. प्रस्तुत लेख त्या टोकाविषयी आहे.

माझ्याकडे इतिहासाची पदवी नाही आणि पशुवैद्यकाचीही नाही. जनावराच्या अंगावर माणसाने चढवलेला साज हा गेल्या वीस-बावीस वर्षांचा माझा नाद. सुरुवात बैलाच्या जुवापासून झाली, तेथून घोड्याचा तंग आणि खोगीर, आणि मग कुत्रा. घोड्याच्या बाबतीत वाट दाखवणारा माणूसही पदवीधर इतिहासकार नव्हता. लफेव्र दे नोएत हा निवृत्त फ्रेंच घोडदळ अधिकारी. १९३१ साली त्याने मांडले, की प्राचीन काळी घोड्याचा पट्टा गळ्यावर येई, त्यामुळे घोडा ओढू लागला की त्याचा श्वास कोंडे; पुढे खांद्यावर टेकणारे कंठाळे आले आणि घोड्याची खरी ताकद माणसाच्या हाती लागली. झां स्प्रुइत याने १९७० च्या दशकात जुन्या साजाच्या प्रतिकृती करून, घोडे जुंपून पाहिले आणि हे मत बरेचसे मोडीत काढले. पण प्रश्न उरलाच : ओढणाऱ्या जनावराचा भार कुठे पडावा, गळ्यावर की छातीवर? आपल्या शेतकऱ्याने बैलापुरते त्याचे उत्तर केव्हाच दिले आहे. जू मानेवर, वशिंडाच्या पुढे टेकते. गळ्याखालची सापती जू जागेवर राहावे एवढ्यापुरती. ती घशाला काचू लागली तर जोत कोणी पुढे हाकत नाही.

कुत्र्याच्या बाबतीत हा प्रश्न अधिक नाजूक आहे, कारण माग काढणाऱ्या कुत्र्याचे अवजार म्हणजे त्याचा श्वासच.

मध्ययुगीन फ्रान्समध्ये शिकारीच्या ताफ्यात एक कुत्रा वेगळा असे. पहाटे, बाकीचे कुत्रे सोडण्यापूर्वी, एक माणूस त्याला घेऊन पायी जंगलात शिरे आणि सांबराएवढा मोठा नर हरिण कोणत्या झाडोऱ्यात बसला आहे ते हुडकून येई. या कुत्र्याने भुंकायचे नाही, धावायचे नाही, फक्त नाक जमिनीला लावून चालायचे. त्याला ‘लिमिए’ म्हणत. हा शब्द जुन्या फ्रेंचमधील ‘लियेम’ म्हणजे दोरी, बंध यावरून आला. त्याचे मूळ लॅटिन ‘लिगामेन’. म्हणजे कुत्र्याला नाव मिळाले ते रंगावरून नव्हे, गावावरून नव्हे, तर दोरीवरून. इंग्लंडात तोच शब्द ‘लायम’ होऊन गेला. राणी एलिझाबेथच्या काळातील वैद्य जॉन कीज याने १५७० साली ब्रिटनच्या कुत्र्यांवर लॅटिनमध्ये छोटे पुस्तक छापले. त्यातही अशा एका कुत्र्याचे नाव त्याने ‘लोरारियुस’ असे दिले आहे. ‘लोरुम’ म्हणजे चामड्याची वादी. फ्वाचा सरदार गास्तों फेबस याचा शिकारीवरचा ग्रंथ १३८० च्या दशकाच्या अखेरचा. त्याच्या सचित्र हस्तलिखितांत मान खाली घातलेला कुत्रा आणि मागे दोरी धरून चालणारा माणूस ही जोडी पाहायला मिळते.

फ्रेंच शिकाऱ्यांच्या बोलीत या कुत्र्याच्या साजाला स्वतंत्र शब्द होते. लांब दोरी ती ‘त्रे’ आणि गळ्यातला रुंद चामडी पट्टा ती ‘बोत’. जर्मन परंपराही याच अंगाने गेली. जखमी जनावराच्या रक्ताचा माग काढणाऱ्या कुत्र्याला तिकडे ‘श्वाइसहुंड’ म्हणतात. रोजच्या भाषेत ‘श्वाइस’ म्हणजे घाम, पण शिकाऱ्याच्या भाषेत रक्त. त्याचा पट्टा, ‘हाल्सुंग’, हाही रुंद चामड्याचा. त्याला गरगर फिरणारी कडी असते, म्हणजे लांब वादीला पीळ पडत नाही. पट्टा रुंद का, हे हातात घेतले की समजते. तेवढाच ताण दोन बोटे रुंदीवर पडला तर घशात रुततो, चार बोटे रुंदीवर पडला तर पसरतो. काही जण वादी कुत्र्याच्या पुढच्या पायांमधून मागे घेतात, त्यामुळे ओढ मानेच्या वरच्या बाजूला बसते आणि नाक खालीच राहते. गळ्याचीच परंपरा, पण घसा वाचवण्याची युक्ती करून.

दुसरी परंपरा छातीपट्ट्याची, ज्याला आज सगळे हार्नेस म्हणतात. ती विशेषतः ब्लडहाउंड या जातीशी जोडली गेली. ही जात आर्देन डोंगराळ भागातल्या सेंट ह्यूबर्टच्या मठाशी निगडित मानतात. बेल्जियममध्ये आजही तिचे नाव सेंट ह्यूबर्टचा कुत्रा असेच आहे. चाळीस-पन्नास किलोचा देह, लोंबणारे कान, गळ्याखाली पोळी आणि अंगभर सैल कातडी. वास लागला की हा कुत्रा मान खाली घालून सगळ्या वजनानिशी ओढतो, आणि तो ओढतो म्हणूनच उपयोगाचा असतो. पाळीव कुत्र्याची ओढण्याची खोड मोडायची असते, याची जपायची असते. हा सगळा भार गळ्यातल्या पट्ट्यावर आला तर तो खोकतो, तोंड उघडून धापा टाकतो. आणि कुत्रा हुंगतो ते तोंड मिटून, सेकंदाला सुमारे पाच वेळा असे लहान लहान श्वास घेत. धाप लागली की हुंगणे थांबले.

म्हणून भार छातीच्या हाडावर घ्यायचा. पुढून इंग्रजी वाय अक्षरासारखा पट्टा, तो खांद्याच्या सांध्यावर आडवा येता कामा नये. छातीमागून तंग, पण तो काखेत घासू नये इतका मागे. आणि दोरीची कडी पाठीवर. कडी पाठीवर असली की दोरी पायांत येत नाही आणि ताण पडला तरी डोके वर खेचले जात नाही. सैल कातडीच्या कुत्र्याला अरुंद पट्टा चालत नाही, कारण कातडीची घडी पट्ट्याखाली सापडून सोलते. चामडे उत्तम, पण आपल्या पावसाळ्यात त्याला बुरशी येते आणि ओले चामडे वाळताना कडक होते. तेल लावण्याचा कंटाळा असेल त्याने चामड्याच्या वाटेला जाऊ नये.

या जुन्या अनुभवाला अलीकडच्या मोजमापांचा आधार मिळतो. २००६ साली प्रसिद्ध झालेल्या एका पशुवैद्यकीय अभ्यासात गळपट्ट्यावर ओढणाऱ्या कुत्र्यांच्या डोळ्यांतला दाब वाढलेला आढळला. छातीपट्ट्यावर तसा वाढला नाही. मात्र छातीपट्टा निर्दोष नाही. २०१९ च्या दुसऱ्या अभ्यासात छातीपट्ट्याने खांद्याची पुढे जाण्याची कमान कमी झालेली दिसली, आणि गंमत म्हणजे ‘मोकळा’ म्हणून विकल्या जाणाऱ्या प्रकारात ती अधिक कमी झाली. दुकानातल्या नावावर विसंबू नये, कुत्रा चालवून पाहावा, एवढा त्याचा अर्थ.

आता या दोरीची दुसरी बाजू. माग काढणे हे शिकारीपुरते राहिले नाही, ते माणसावर आले. इंग्लंड-स्कॉटलंडच्या सीमेवर गुरे पळवणाऱ्यांच्या मागावर ‘स्लूथ हाउंड’ लावीत. माग ताजा असेल तर कुत्रा आणि शिंग घेऊन सीमा ओलांडण्याची मुभा तेथल्या कायद्याने होती. १६१६ साली तर असे कुत्रे गावोगावी लोकांच्या खर्चाने पाळावेत असा हुकूम निघाला. हे वाचताना मला आपल्याकडचे रामोशी आणि जागले आठवले. चोराच्या पावलांचा माग शिवेपर्यंत न्यायचा, शिवेवर पुढच्या गावाच्या हवाली करायचा, आणि ज्या गावात माग जिरला त्याने चोर तरी द्यायचा नाहीतर भरपाई तरी. तिकडे नाक, इकडे डोळा. पण दोन्हीकडे मागाच्या दुसऱ्या टोकाला जबाबदार माणूस होता.

तो माणूस नाहीसा झाला की काय होते, तेही कागदोपत्री आहे. १७९५ साली जमैकातल्या ट्रिलॉनी टाउनच्या मरून लोकांनी, म्हणजे गुलामगिरीतून निसटून डोंगरात वसलेल्यांच्या वंशजांनी, ब्रिटिशांविरुद्ध शस्त्र उचलले. तेव्हा कर्नल क्वॉरेल याने क्यूबातून शंभरावर कुत्रे आणि चाळीसेक कुत्रेवाले आणवले. कुत्रे किनाऱ्याला लागल्याची वार्ताच पुरेशी झाली. मरून शरण आले, आणि १७९६ मध्ये त्यांतल्या पाचशेहून अधिक जणांना नोव्हा स्कोशियाच्या थंडीत हद्दपार करण्यात आले. अमेरिकेच्या दक्षिणेत पळालेल्या गुलामांमागे कुत्रे मोकळे सोडीत. लुइझियानाच्या दलदलीत आपल्यामागे लागलेल्या कुत्र्यांचे वर्णन सॉलोमन नॉर्थपने १८५३ च्या आत्मकथनात केले आहे. हे कुत्रे बहुधा शुद्ध ब्लडहाउंड नव्हतेच, पण नाव त्या जातीला चिकटले. दोरीवरचा कुत्रा माणसाला माणसापर्यंत नेतो. मोकळा सोडलेला कुत्रा शिक्षाही स्वतःच देतो. दोरीची निवड ही म्हणून केवळ सोयीची बाब नाही.

लंडनमध्ये १८८८ च्या शरदात व्हाइटचॅपेलचे खून गाजत होते. पोलीस आयुक्त सर चार्ल्स वॉरन यांच्या सांगण्यावरून स्कारबरोजवळचे ब्लडहाउंड-पालक एडविन ब्रफ हे बार्नबी आणि बर्गो असे दोन कुत्रे घेऊन आले. ८ ऑक्टोबरला सकाळी रीजंट्स पार्कात चाचणी झाली. रात्री हाइड पार्कात पुन्हा, आणि या वेळी कुत्रे दोरीवर होते, कारण व्हाइटचॅपेलच्या गल्ल्यांत ते तसेच चालवावे लागणार होते. दुसऱ्या दिवशीच्या चाचण्यांत दोनदा खुद्द वॉरनच ‘पळालेला गुन्हेगार’ झाले. पुढे ९ नोव्हेंबरला मेरी केलीचा खून उघडकीस आला तेव्हा पोलीस तिच्या खोलीबाहेर कुत्र्यांची वाट पाहत सुमारे दोन तास थांबले. कुत्रे लंडनमध्ये नव्हतेच, ते मालकाकडे परत गेले होते. साज, शिकवण, चाचणी सगळे झाले होते. फक्त दोरी कोणाच्या हातात राहणार, हे कोणी ठरवले नव्हते.

कुत्रा दोरीवर आला आणि त्याचा माग न्यायालयात पोचला. अलाबामाच्या न्यायालयाने १८९३ साली हा पुरावा ग्राह्य धरला, केंटकीने १८९८ मध्ये त्याला अटी घातल्या, नेब्रास्काने १९०३ मध्ये तो नाकारला. आपल्याकडचा महत्त्वाचा निकाल महाराष्ट्रातलाच : अब्दुल रझाक मुर्तझा दफेदार विरुद्ध महाराष्ट्र राज्य, सर्वोच्च न्यायालय, १९६९. त्यात अशा पुराव्यावर सर्वसाधारणपणे घेतले जाणारे तीन आक्षेप नोंदले आहेत. कुत्रा शपथ घेऊन साक्ष देऊ शकत नाही, त्याची उलटतपासणी होत नाही, म्हणून हस्तकाचे सांगणे ऐकीव ठरते. माणसाचे जीवित आणि स्वातंत्र्य कुत्र्याच्या अनुमानावर अवलंबून असू नये. आणि अशा पुराव्याचा पंचांच्या मनावर त्याच्या वजनापेक्षा जास्त ठसा उमटतो.

पहिल्या आक्षेपाचे मूळ मला दोरीत दिसते. दोरी दोन्ही दिशांनी बोलते. कुत्रा मागावर असला की ती ताठ राहते, माग सुटला की सैल पडते, आणि कसलेला हस्तक तिचा ताण बोटांनी वाचतो. पण हस्तकाच्या मनात संशयित आधीच ठरलेला असेल, तर त्याचे थबकणे, हात किंचित आवळणे हेही त्याच दोरीतून कुत्र्यापर्यंत पोचते. बर्लिनचा ‘हुशार हान्स’ घोडा बेरजा करीत नसून प्रश्नकर्त्याच्या नकळत हललेल्या डोक्याकडे पाहून खूर थांबवतो, हे ऑस्कर फुंग्स्टने १९०७ मध्ये दाखवून दिले. कुत्र्याला तर पाहायचीही गरज नाही, त्याच्या पाठीलाच दोरी बांधलेली आहे. म्हणून दोरी लांब हवी. आंतरराष्ट्रीय स्पर्धांत मागाची दोरी दहा मीटरची असते. हस्तक मागे, कुत्रा पुढे, आणि मधले अंतर म्हणजे कुत्र्याच्या मताचा मान. आखूड दोरीवरचा माग हा बहुतेक वेळा माणसाचा माग असतो.

पुण्या-मुंबईच्या सोसायट्यांत आता बीगल जातीचे कुत्रे बरेच दिसतात. सशामागे वास घेत धावण्यासाठी माणसाने घडवलेला हा कुत्रा जिन्यावरून उतरताच नाक जमिनीला लावतो, आणि मालक त्याला अरुंद पट्ट्याला धरून ‘चल रे’ म्हणत खेचतात. ज्या गुणासाठी शेकडो वर्षे निवड केली, त्याच गुणाची रोज सकाळी शिक्षा होते. मला कोणी विचारले तर सांगतो : फिरण्यासाठी साधा रुंद गळपट्टा आणि हुंगण्यासाठी वेगळा छातीपट्टा असे दोन साज ठेवा. ब्लडहाउंड शिकवणारे हेच करतात. छातीपट्टा चढला म्हणजे काम सुरू, उतरला म्हणजे संपले, हे कुत्रा काही दिवसांत ओळखतो. पट्ट्याखाली दोन बोटे सरकली पाहिजेत. काखेतले केस झडू लागले तर माप चुकले आहे. मोकळ्या मैदानात पाच-सात मीटरची दोरी द्या, रस्त्यावर देऊ नका. आणि दिवसातली पंधरा-वीस मिनिटे तो नेईल तिकडे जा. सातशे वर्षांपूर्वीच्या त्या पहाटेच्या जंगलातही दोरी धरणारा माणूस मागेच चालत होता.