अंगणवाडीतलं अंगण

२०२० साली शिमग्याला आलेला माझा पाच वर्षांचा पुतण्या लॉकडाऊनमुळे तळेऱ्यातच अडकला. एप्रिलमध्ये वहिनीने मुंबईहून फोनवर एक तक्ता पाठवला. नाव ‘निसर्ग सप्ताह’. सोमवारी पानं, मंगळवारी पाणी, बुधवारी माती, गुरुवारी बिया, शुक्रवारी आवाज ओळखणं. प्रत्येक वारापुढे साहित्य, वेळ आणि ‘मूल काय शिकलं’ असा एक रकाना. खाली बारीक अक्षरात सूचना, की पालकाने रोज पूर्ण एक तास मुलासोबत बसावं.

आईने चष्मा लावून तो सगळा वाचला आणि मोबाइल परत माझ्या हातात दिला. म्हणाली, “ह्यां करूक कागद कित्याक व्हयो?”

तिचं म्हणणं पटण्यासारखंच होतं. तळेरे म्हणजे मुंबई-गोवा महामार्गावरचं नाक्याचं गाव, एकीकडे विजयदुर्गाचा रस्ता फुटतो, दुसरीकडे वैभववाडी-गगनबावड्याचा. पण नाका सोडून थोडं आत गेलं की घरापुढे खळं आहेच. अंगणाला आमच्याकडे खळं म्हणतात. पाऊस संपला की ते नव्याने करायचं असतं. माती टाकायची, पाणी मारायचं, चोपून चोपून सपाट करायचं, मग शेणाने सारवायचं. बुधवारची माती ती हीच. एप्रिलात काजूच्या बियांचे ढीग वाळत असतात, त्यातल्या खिशात घालून पोरं खेळायला पळतात, गुरुवार झाला. माडाच्या पात्याची पिपाणी केली की शुक्रवार.

तरी तो तक्ता मला सोडवेना. हे शिक्षण आहे, असं कुणीतरी कधीतरी पहिल्यांदा म्हटलं असणार. खळ्यात खेळणाऱ्या पोराला आमच्याकडे कुणी ‘शिकतंय’ म्हणत नाही, ‘उनाडतंय’ म्हणतात.

महागड्या बालशाळांच्या पाट्यांवर ज्यांचं नाव असतं, त्या मारिया माँटेसरींनी पहिलं ‘बालगृह’ ६ जानेवारी १९०७ रोजी रोममध्ये सुरू केलं. कुठे? सान लोरेन्झो या गरीब कामगार वस्तीत, चाळीसारख्या इमारतीच्या आतच. आईबाप कामावर जायचे, मागे पोरं जिने आणि भिंती खराब करायची, म्हणून इमारतवाल्यांना त्यांची सोय हवी होती. म्हणजे जी पद्धत पुढे श्रीमंतांची झाली, तिचा जन्म पोरं सांभाळायला घरात कुणी नाही या अडचणीतून झाला. मग तिची साधनं ठरली, ती विशिष्ट मापाची, घोटीव लाकडाची, आणि त्यांची किंमत वाढली.

ताराबाई मोडकांना ही किंमत आधीपासून दिसत होती. १८९२ साली जन्मलेल्या, मुंबई विद्यापीठाच्या पदवीधर, राजकोटला प्राचार्य राहिलेल्या ताराबाई १९२३ साली भावनगरला गिजुभाई बधेकांकडे गेल्या. गिजुभाई मूळचे वकील. आपल्या मुलाच्या शिक्षणाच्या विचारातून माँटेसरींपर्यंत पोहोचले आणि १९२० साली त्यांनी बालमंदिर काढलं. १९२६ साली नूतन बालशिक्षण संघ स्थापन झाला. पुढे ताराबाई मुंबईला परतल्या, दादरला शिशुविहार चालू झाला, चांगला चालला. इथे थांबल्या असत्या तरी बालशिक्षणाच्या इतिहासात त्यांना जागा होती. पण दादरच्या मुलांकडे बालशिक्षण पोहोचलं म्हणजे देशाकडे पोहोचलं, असं त्यांना वाटलं नाही. १९४५ च्या अखेरीस, वयाच्या ५३ व्या वर्षी, त्या डहाणूच्या उत्तरेला समुद्रकाठच्या बोर्डी गावात गेल्या.

सोबतीला आल्या अनुताई वाघ. त्यांचं लग्न तेराव्या वर्षी झालं आणि काही महिन्यांतच वैधव्य आलं. शिकून त्या शिक्षिका झाल्या. १९४५ मध्ये बोरिवलीच्या कस्तुरबा शिबिरात त्यांची ताराबाईंशी गाठ पडली. एक पन्नाशी ओलांडलेली, दुसरी पस्तिशीची. जुनी कौटुंबिक चौकट दोघींच्याही वाट्याला नीट आली नव्हती, आणि दोघींनी उरलेलं आयुष्य दुसऱ्यांची पोरं कशी वाढतात हे पाहण्यात घालवलं.

बोर्डीत बालवाडी उघडली, पण दलित वस्तीतली मुलं येईनात. कपडे नाहीत, आई कामावर, त्यात जातीची भिंत. मग बाईंनी ठरवलं, मूल बालवाडीत येत नसेल तर बालवाडीने मुलाच्या अंगणात जायचं. गावाची एक मुख्य बालवाडी आणि वस्तीवर भरणारी ती अंगण बालवाडी. वस्तीवर गेल्यावर पहिला धडा अक्षराचा नव्हता, आंघोळीचा आणि केस विंचरण्याचा होता. मग गाणी, गोष्टी, खेळ. साधनं म्हणून खडे, शिंपले, बिया, पानं, माती. रोमच्या लाकडी ठोकळ्यांनी जे साधायचं, लहान-मोठं, हलकं-जड, खरखरीत-गुळगुळीत, ते फुकटच्या शिंपल्यांनी साधायचं. आज हाच मजकूर ‘निसर्गाधारित बालसंगोपन’ म्हणून फोनवर येतो. बोर्डीत तो निसर्गप्रेमापोटी आला नव्हता. वस्तीत दुसरं काही नव्हतं, आणि असलेलं पुरेसं आहे हे त्यांनी मुलांसोबत बसून तपासून घेतलं.

पुढे दहा-बारा वर्षांनी दोघी जवळच्याच कोसबादच्या टेकडीवर गेल्या, वारली पाड्यांमध्ये. हाच तो मुलूख, जिथे १९४५ पासूनच गोदावरी परुळेकरांच्या नेतृत्वाखाली वारली वेठबिगारीविरुद्ध उभे राहिले होते. इथली अडचण निराळी. शाळेच्या वेळेत मुलं गुरांमागे. मग शिक्षकच गुरांमागे, कुरणात. त्याला नाव पडलं कुरणशाळा.

आणि मुली? मुली शाळेत येत नसत, कारण त्यांच्या कडेवर धाकटं भावंड असे. यावर ताराबाईंनी काढलेला उपाय मला त्यांच्या साऱ्या कामातला सगळ्यात मोठा वाटतो, आणि तोच सगळ्यात कमी सांगितला जातो. पाळणाघर, बालवाडी आणि प्राथमिक शाळा एकाच आवारात. नाव विकासवाडी. बहिणीने भावाला घेऊन यावं, त्याला पाळण्यात ठेवावं, आपण वर्गात बसावं. मधल्या सुट्टीत बघून यावं.

हे मी आईला वाचून दाखवत होतो, तेव्हा ती काजूच्या बिया निवडत होती. हात थांबले. ती चौथीत असताना माझा मामा जन्मला. आजी दुसऱ्यांच्या शेतावर लावणीला जायची. काही दिवस आईने मामाला कडेवर घेऊन शाळा केली. तो रडला की बाहेर, गप्प झाला की आत. मग एक दिवस तिला सांगण्यात आलं, की पोर घेऊन येऊ नकोस. तिने पोर सोडलं नाही, शाळा सोडली. ही गोष्ट मला ठाऊक होती, पण विनोदी म्हणून ठाऊक होती. मामा मोठा झाल्यावर घरात ती हसत सांगितली जायची.

खळ्यातल्या बालपणाबद्दल आपण हळवे होतो तेव्हा हा हिशेब राहून जातो. खळ्यात पोरं आपोआप वाढत नव्हती, आठ-दहा वर्षांच्या मुली त्यांना वाढवत होत्या.

२ ऑक्टोबर १९७५ रोजी केंद्र सरकारने एकात्मिक बालविकास सेवा योजना ३३ प्रकल्पांत सुरू केली. ताराबाई दोन वर्षांपूर्वीच गेल्या होत्या. योजनेच्या केंद्रांना नाव मिळालं अंगणवाडी. शब्द देशभर गेला. पोषण आहार, लसीकरण, वजनाच्या नोंदी हे सगळं त्यात आलं, आणि त्याने जीव वाचले हे विसरून चालणार नाही. पण अंगणात जाणारी बालवाडी पुन्हा एक खोली झाली आणि बाईंचा दिवस नोंदवह्यांत, आता मोबाइलवर माहिती भरण्यात जाऊ लागला. सेविकेला मिळतं ते मानधन, पगार नव्हे. अंगणवाडी सेविका आणि मदतनीस ग्रॅच्युइटीला पात्र आहेत, हे सांगायला सर्वोच्च न्यायालयाला २०२२ चा एप्रिल उजाडावा लागला. पोरं सांभाळणं हे काम आहे की बायकांचा स्वभाव, हा वाद योजना सुरू झाल्यावर ४७ वर्षांनीही न्यायालयात होता.

अनुताई १९९२ साली गेल्या, अखेरपर्यंत कोसबादच्या कामात. त्यांच्या ‘कोसबादच्या टेकडीवरून’ या पुस्तकाचं नाव तुम्ही ऐकलं असेल.

वहिनीच्या तक्त्यातला एक तास आमच्याकडे कुणालाच सलग मिळाला नाही. मी लॅपटॉपपुढे, आई चुलीपुढे. पुतण्याने बिया मोजल्या, त्यातल्या चार माडाच्या आळ्यात पुरल्या, रोज उकरून पाहिल्या. ‘मूल काय शिकलं’ या रकान्यात मी काहीतरी लिहून पाठवून दिलं.

रात्री जेवताना आईने विचारलं, “थंय ल्हान पोर घेवन गेला तर चलायचा?”

“चालायचं.”

“आणि त्येका भूक लागली तर?”

ते मला ठाऊक नव्हतं. आहार बहुतेक देत असतील, असं मी म्हणालो. तिने मान हलवली आणि पुतण्याच्या ताटात आणखी भात वाढला.