पेटीतला कागद

अब्बांच्या पश्चात घर आवरताना पत्र्याची एक जुनी पेटी निघाली. आत मोडीत आणि उर्दूत लिहिलेले कागद होते. आम्हा भावंडांत मोडी कुणालाच येत नव्हती. कागद रद्दीत गेले, पेटी धान्याला आली. पुढे महाविद्यालयातल्या इतिहासाच्या प्राध्यापकांनी विचारलं, ‘‘घरी जुनं काही आहे का?’’ तेव्हा सांगायला माझ्याकडे फक्त पेटी उरली होती.

आपलं वऱ्हाड १८५३ पर्यंत निजामाच्या कारभारात होतं. त्यामुळे इथल्या जुन्या घरांत मोडी सापडते, तशी फारसीही. आपल्याला वाचता येत नाही म्हणून कागद निरुपयोगी ठरत नाही.

याच यवतमाळात य. खु. देशपांडे यांनी शारदाश्रमाच्या द्वारे संशोधनाचं मोठं काम केलं. १९२५ साली त्यांचं ‘महानुभावीय मराठी वाङ्मय’ प्रसिद्ध झालं. महानुभावांच्या पोथ्या सांकेतिक लिप्यांत होत्या. मठांनी त्या शतकानुशतकं जपल्या, विसाव्या शतकात राजवाडे, भावे यांच्यासारख्यांनी त्या लिप्या उलगडल्या आणि जुनं मराठी गद्य उजेडात आलं. पुढे डॉ. यू. म. पठाण यांनी या वाङ्मयाच्या अभ्यासाला उभं आयुष्य दिलं. त्या पोथ्या कुणी किलोवर विकल्या असत्या तर?

१० जुलै १९३० रोजी पुसदजवळ लोकनायक बापूजी अणे यांनी गवत कापून जंगल कायदा मोडला. वणीत जन्मलेल्या बापूजींची कागदपत्रं दिल्लीला तीन मूर्ती भवनाच्या संग्रहात आहेत. पण गावोगावी ज्यांनी विळे हाती घेतले, त्यांची नावं कुठे शोधायची? एखाद्या घरच्या पत्रात, फोटोमागच्या ओळीत. ती जागा आपल्या जिल्ह्यातल्या महाविद्यालयांनी भरून काढायला हवी.

एका मित्राकडे हे बोललो तर वहिनी म्हणाल्या, ‘‘भाऊजी, कागद दिला अन् उद्या शेताचा हक्क गेला तर?’’ भीती खरी आहे. हक्काचे कागद घरीच ठेवा, छायाप्रत द्या. बाकीचं देताना लेखी पोच घ्या. कागद कुणाचा, कोणत्या गावचा, कुणी किती पाहावा, हे त्यातच नोंदवा. फाटलेल्या कागदाला चिकटपट्टी लावू नका, लॅमिनेशन करू नका. फोटोमागे शिसपेन्सिलीनं नावं लिहा. आणि पाहायला जाल तेव्हा हात धुऊन जा, शाईचा पेन खिशातच ठेवा, बोटाला थुंकी लावून पान उलटू नका.

परवा पेटी घासताना तळाला चिकटलेला एक कागद निघाला. प्राध्यापकांनी तो वाचला. माझ्या आजोबांनी भरलेल्या शेतसाऱ्याची मोडीतली पावती होती ती. छायाप्रत ठेवून मूळ कागद मी महाविद्यालयाला दिला. आता मुलं त्यावर मोडी गिरवतात, आणि आजोबांचं नाव वाचतात.

(आकाशवाणीवरील भाषणाचा संपादित भाग)