दाखव, थांब, पुढे चल



मराठीत आज्ञा द्यायची म्हटली की पहिला प्रश्न पडतो तो समोरच्याला 'तू' म्हणायचे की 'तुम्ही'. 'बस' म्हणावे, 'बसा' म्हणावे की 'बसावे' म्हणावे, हे ठरल्याशिवाय तोंडातून शब्द निघत नाही. त्यातले 'बस' हे रूप सर्वांत आखूड. धातूला काहीही जोडायचे नाही, की झाली आज्ञा तयार. कर, जा, ये, थांब. दादोबा पांडुरंगांनी १८३६ मध्ये मराठीचे व्याकरण छापले, मोरो केशव दामल्यांचा मोठा ग्रंथ १९११ साली आला. पण आज्ञार्थ त्याही आधीपासून घराघरात असाच आखूड होता. घाई असते तेव्हा माणूस प्रत्यय लावत बसत नाही.

हे सगळे आठवायला कारण झाले ते बहिणीच्या नातवाचे. तो पुण्यात संगणकाच्या नोकरीत आहे. मध्यंतरी त्याचा फोन आला, "आबा, वाक्यपृथक्करण कसं शिकवायचात तुम्ही?" मला वाटले पोराला उतारवयात (म्हणजे माझ्या) मराठीची गोडी लागली! तसे काही नव्हते. त्याच्याकडे एका डीबगरचे काम आले होते, आणि डीबगरला टाइप करून दिलेल्या आज्ञा समजून घेणारा भाग त्याने लिहायचा होता. त्या भागाला ते लोक कमांड इंटरप्रिटर म्हणतात. इंटरप्रिटर म्हणजे दुभाष्या. मी त्याला दुभाष्याच म्हणेन.

आपल्यापैकी बरेच जण माझ्यासारखे शाळेतले किंवा शेतातले, म्हणून डीबगर म्हणजे काय ते आधी सांगतो. मुलगा फळ्यावर गणित सोडवतो आहे आणि उत्तर चुकणार हे आपल्याला दिसते आहे. आपण म्हणतो, "थांब. हातचा किती धरलास ते दाखव. आता पुढची पायरी कर. पुन्हा थांब." प्रोग्राम हा तो मुलगा आणि डीबगर हा मास्तर. चालता प्रोग्राम मध्येच थांबवायचा, त्याच्या पोटात कोणत्या नावाखाली कोणती किंमत आहे ती पाहायची, एकेक पायरी पुढे न्यायचे. सगळा कारभार आज्ञार्थात.

चुकीला 'बग' म्हणजे किडा म्हणण्याची पद्धत संगणकाच्या आधीची आहे. एडिसन १८७८ सालीच तो शब्द वापरत होता. ९ सप्टेंबर १९४७ रोजी हार्वर्डच्या मार्क-२ यंत्राच्या एका रिलेमध्ये खराच पतंग सापडला आणि तो नोंदवहीत चिकटवला गेला, ही गोष्ट पुष्कळांनी वाचली असेल. ती वही अमेरिकेच्या राष्ट्रीय संग्रहालयात आहे. मला त्याच्या पुढची गोष्ट जास्त आवडते. किडा म्हटले की औषध आलेच! एमआयटी या संस्थेत टीएक्स-० नावाचे यंत्र होते. त्याच्यासाठी जॅक डेनिस आणि थॉमस स्टॉकहॅम यांनी चुका शोधण्याचा जो प्रोग्राम केला, त्याचे नाव होते 'फ्लिट'. फ्लिट हे तिकडे पंपाने फवारायचे कीटकनाशक. पुढे १९६१ मध्ये पीडीपी-१ या यंत्रासाठी अॅलन कोटॉक यांनी त्याहून सरस साधन लिहिले, आणि त्याचे नाव ठेवले 'डीडीटी'. आमच्या पिढीला डीडीटी म्हणजे हिवतापाच्या मोहिमेतले पांढरे पाणी, गोठ्याच्या भिंतीवर मारलेले. ती मोहीम आपल्याकडे १९५३ मध्ये सुरू झाली. अमेरिकेत त्याच नावाने प्रोग्रामातले किडे मारत होते हे तेव्हा कोणाला ठाऊक!

आपणही अगदीच मागे नव्हतो बरे का. मुंबईत टाटा इन्स्टिट्यूटमध्ये प्रा. नरसिंहन आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी टिफ्रॅक हा संगणक स्वतः घडवला. १९६० मध्ये तो कामाला लागला. सुमारे २७०० निर्वात नळ्या आणि २०४८ शब्दांची स्मृती. अशा यंत्रांवर वेळ सोन्यासारखा मोजून मिळे. त्यामुळे त्या काळी चूक शोधणे म्हणजे मुख्यतः स्मृतीतले सगळे आकडे कागदावर छापून घ्यायचे आणि टेबलाशी बसून पेन्सिलीने शोधायचे. प्रश्न एकदाच विचारायचा आणि उत्तराची रद्दी घेऊन घरी यायचे, असा प्रकार.

डीडीटीने संवाद आणला. जागेचे नाव टाइप करून तिरकी रेघ मारली की यंत्र त्या जागेत काय आहे ते लगेच छापून दाखवी. तिथेच नवा आकडा टाइप केला की जुना जाऊन नवा बसे. 'दाखव' आणि 'बदल' या दोन क्रियापदांचे काम एका तिरक्या रेघेने! यात दुभाष्याला कष्ट कमी. एक अक्षर वाचायचे, ते कोणते आहे ते पाहायचे, काम करायचे. पीडीपी-१ ची स्मृती ४०९६ शब्दांची. त्यातच तपासायचा प्रोग्राम आणि त्यातच तपासनीस. लांबलचक बोलणे परवडणारे नव्हते.

इथे थोडे विषयांतर. पाणिनीची सूत्रे इतकी आखूड का, असे विद्यार्थी विचारतात. सगळे तोंडपाठ ठेवायचे होते म्हणून. 'अच्' म्हटले की सगळे स्वर आले, 'हल्' म्हटले की सगळी व्यंजने. अर्धी मात्रा वाचली तरी वैय्याकरणांना मुलगा झाल्याचा आनंद होई म्हणतात. माणसाची स्मृती असो की यंत्राची, ती अपुरी पडली की भाषा आखडते. सूत्रेही चार हजारांच्या आसपास आणि त्या यंत्राचे शब्दही चार हजारांच्या आसपास, हा मात्र निव्वळ योगायोग! १९६७ मध्ये पीटर इंगरमन या संगणकवाल्याने एका नियतकालिकाला पत्र लिहून सुचवले होते की संगणकभाषांचे व्याकरण लिहिण्याच्या बॅकस पद्धतीला पाणिनीचेही नाव जोडावे. असो.

एका अक्षराची ही परंपरा पुष्कळ वर्षे टिकली. १९८० च्या दशकात आपल्याकडे डॉसवाले संगणक आले, त्यांत 'डीबग' नावाचा प्रोग्राम असे. त्याच्या आज्ञा एकेका अक्षराच्या: डी म्हणजे दाखव, जी म्हणजे पळ, टी म्हणजे एक पायरी, क्यू म्हणजे पुरे. आज्ञा कळली नाही तर तो चुकलेल्या जागेखाली बाणासारखी खूण करून 'एरर' एवढेच म्हणे. मला हे त्यातल्या त्यात बरे वाटते. युनिक्समध्ये केन थॉम्पसन यांचा 'ईडी' हा संपादक काहीही चुकले तरी फक्त प्रश्नचिन्ह टाकत असे. चुकलेल्या शब्दाखाली रेघ ओढणारा मास्तर आणि वहीवर नुसती फुली मारून ती भिरकावणारा मास्तर, असा हा फरक. पहिलाही कारण सांगत नाही, पण निदान जागा दाखवतो.

युनिक्समध्ये आणखी एक गंमत आहे. १९७९ च्या सातव्या आवृत्तीत स्टीव्ह बोर्न यांचे दोन प्रोग्राम होते. एक त्यांच्या नावाने प्रसिद्ध झालेला शेल, म्हणजे सबंध संगणकाचा दुभाष्या. आणि दुसरा 'एडीबी' हा डीबगर. हात एकच, पण शेल बोलका आणि एडीबी चिन्हांचा भोक्ता. डॉलर, प्रश्नचिन्ह आणि विसर्गासारखे दोन टिंब यांनी एडीबीच्या आज्ञा भरलेल्या. जाणणाऱ्याला सुखाच्या, नवख्याला मंत्रासारख्या.

मग बर्कलीला मार्क लिंटन यांनी 'डीबीएक्स' केला आणि आज्ञा शब्दांच्या झाल्या: थांब, छाप, कुठे आहेस. रिचर्ड स्टॉलमन यांनी १९८६ मध्ये 'जीडीबी' लिहिला तोही याच वळणाचा. तो आजही सर्वत्र वापरात आहे आणि नातवाने त्यालाच गुरू केले होते. त्याच्या आत दुभाष्याजवळ एक कोष्टक असते: आज्ञेचे नाव, ती आली की करायचे काम, आणि मदतीचे दोन शब्द. ओळ आली की पहिला शब्द तोडायचा, कोष्टकात शोधायचा, उरलेली ओळ त्या कामाच्या हवाली करायची. क्रियापद वेगळे काढा, मग कर्म आणि विशेषणे. इयत्ता सातवी, वाक्यपृथक्करण. मी त्याला एवढेच सांगितले होते.

पण शब्द लांब झाले म्हणून हात दमू नयेत, यासाठी एक सोय आहे. आज्ञेची सुरुवातीची अक्षरे दिली तरी चालतात, फक्त तेवढ्यावरून दुसऱ्या कोणत्या आज्ञेचा घोळ होता कामा नये. घोळ झाला तर तो सगळ्या शक्यता मांडून 'यातली कोणती?' असे विचारतो. तरी 'एस' या एका अक्षराने सुरू होणाऱ्या कितीतरी आज्ञा असताना नुसता 'एस' म्हणजे 'स्टेप', एक पायरी पुढे, असे मुद्दाम ठरवून ठेवले आहे. वर्गात चार सुरेश असले तरी 'सुऱ्या' म्हटल्यावर कोणी उभे राहायचे हे ठरलेले असते, तसे. आणि नुसते एन्टर दाबले की मागची आज्ञा पुन्हा. मात्र प्रोग्राम पहिल्यापासून सुरू करण्याची आज्ञा अशी पुन्हा होत नाही, कारण चुकून झाली तर तासाभराची मेहनत वाया. हा विचार मला फार आवडला. कोणती आज्ञा सहज पुन्हा करू द्यायची आणि कुठे अडवायचे, हे ठरवायला माणसाच्या चुकण्याची सवय माहीत असावी लागते.

सगळीकडे मात्र अडवत नाहीत. जीडीबीला 'छाप' म्हणून सांगताना बरोबरची चिन्हे दोन दिली तर तो दोन किमती सारख्या आहेत का ते सांगतो. एकच दिले तर ती किंमत बदलूनच टाकतो आणि नवी किंमत गुपचूप छापतो. पाहायला गेलेल्या माणसाने हात लावून आल्यासारखे! याचे कारण असे की छापायच्या गोष्टीचे व्याकरण जीडीबीचे नसून सी भाषेचे आहे, आणि सी मध्ये एका चिन्हाचा अर्थ तोच. दुभाष्याला दोन व्याकरणे सांभाळावी लागतात, त्यातला हा सांधा.

२०१० मध्ये अॅपलने 'एलएलडीबी' पुढे आणला. त्यात आज्ञेची रचनाच उलटी केली: आधी नाम, मग क्रियापद. 'लाव थांबा' नव्हे, 'थांबा लाव'. हे ऐकून मी नातवाला म्हटले, अरे, हे तर मराठी झाले! आपण 'पाणी आण' म्हणतो, 'आण पाणी' रागावल्यावर म्हणतो. नाम आधी आले की त्या नामाशी काय काय करता येते ते एका जागी सापडते, हा त्यातला फायदा. पण लोकांची बोटे जीडीबीला सरावलेली. म्हणून जुन्या आखूड आज्ञाही टोपणनावांच्या रूपाने आत ठेवाव्याच लागल्या.

हे आपल्याकडे आधीच घडून गेले आहे. १६७४ च्या राज्याभिषेकानंतर शिवाजी महाराजांनी राज्यव्यवहारकोश करवून घेतला, फारसी दरबारी शब्दांना संस्कृत पर्याय दिले. पेशव्याचा पंतप्रधान झाला, मुजुमदाराचा अमात्य. कोश उत्तम होता. पण पुढे शंभरावर वर्षे लोकांच्या तोंडी पेशवा तो पेशवाच राहिला.

आणि आमचा हिंगोलीचा भाग तर १९४८ पर्यंत निजामाचा. हुकूम निघे तो उर्दूत. माझ्या वडिलांच्या पिढीला कचेरीतून आलेला कागद वाचून घ्यायला माणूस गाठावा लागे, आणि त्या माणसाने जे सांगितले ते खरे मानावे लागे. म्हणून मला परक्या भाषेतल्या आज्ञांचे फार नवल वाटत नाही, पण ते साधेही वाटत नाही. डीबगरकडे माणूस जातो तो अडचणीत सापडल्यावर. तेव्हा समोर येणारे दोन शब्द त्याला कळले पाहिजेत. आमच्या शाळांतून मराठी माध्यमात शिकून त्या क्षेत्रात गेलेली मुले 'अन्डिफाइन्ड' म्हणजे काय ते आधी शब्दकोशात पाहून मग प्रोग्रामात शोधत असत.

मराठीकरणाचे काम झालेलेच नाही असे नाही. पुण्यात सी-डॅकने लिपीचे मोठे काम केले, मुक्त प्रणालींच्या पडद्यावरचे शब्दही पुण्यातल्या मंडळींनी मराठीत आणले. पण तिथे तो पहिला प्रश्न पुन्हा येतो. बटणावर 'रद्द करा' लिहितात. हे कोण कोणाला म्हणते आहे? यंत्र मला 'करा' म्हणते आहे की मी यंत्राला? इंग्रजीत 'कॅन्सल' हे दोन्हीकडून चालते, मराठीत बोलणारा ठरवावाच लागतो. माझे मत विचाराल तर यंत्राला मी 'दाखव' म्हणेन, आणि त्याने मला 'ही आज्ञा समजली नाही, पुन्हा पाहा' असे म्हणावे. वय पाहता एवढा मान चालेल.

नातवाने माझ्या हट्टाखातर आपल्या यंत्रावरच्या जीडीबीत तीन आज्ञा नव्याने घातल्या: दाखव, थांब आणि चल. नव्या आज्ञा करायची सोय त्यात आहेच. मदतीचा मजकूरही आपला देता येतो, तो त्याने मराठीत दिला. अक्षरे मात्र रोमन ठेवली, म्हणजे 'दाखव'ला सहा कळा आल्या. पंधरा दिवसांनी फोनवर विचारले तर म्हणाला, "आबा, आज्ञा आहेत अजून. पण हात 'पी'वरच जातो."