बालकांतील अन्नाची ॲलर्जी आणि असहिष्णुता

दूध प्यायल्यावर मुलाला जुलाब झाले किंवा सुंगटांचे हुमण खाल्ल्यावर अंगावर पुरळ उठले, की 'याला हे बाधते' असे म्हणून तो पदार्थ बंद केला जातो. मात्र 'बाधणे' या एका शब्दात दोन भिन्न विकार दडलेले असतात. त्यांपैकी एक प्रसंगी जिवावर बेतू शकतो; दुसरा त्रासदायक असला, तरी सहसा धोक्याचा नसतो.

ॲलर्जी म्हणजे काय?

अन्नातील एखाद्या प्रथिनाला रोगप्रतिकारक यंत्रणा शत्रू समजते, तेव्हा ॲलर्जी उद्भवते. खाल्ल्यानंतर बहुधा काही मिनिटांत ते दोन तासांत गांधी उठतात, ओठ व पापण्या सुजतात, उलट्या होतात, खोकला किंवा घरघर सुरू होते. त्यासाठी अन्नाचा अल्पसा अंशही पुरतो. दूध, अंडे, शेंगदाणे, गहू, सोयाबीन, तीळ, काजू-अक्रोड, मासे आणि कोळंबी-खेकडे ही त्याची प्रमुख कारणे होत. कोळंबीतील प्रथिन शिजवूनही टिकते. त्यामुळे सुक्या सुंगटांची किसमूरही वर्ज्य ठरते. काजूची पूड रश्शात व मिठाईत मिसळलेली असते, हेही ध्यानात ठेवावे.

असहिष्णुता म्हणजे काय?

येथे दोष पचनाचा असतो. दुधातील लॅक्टोज ही साखर पचवणारे लॅक्टेज कमी पडले, की पोट फुगते, कळा येतात, जुलाब होतात. त्रास प्रमाणावर अवलंबून असतो. तान्ह्या व लहान मुलांत तो बहुधा तीव्र अतिसारानंतर उद्भवतो आणि आतड्याचे अस्तर भरून आले, की काही आठवड्यांत ओसरतो. अशा मुलांना दही अनेकदा मानवते. दुधाच्या प्रथिनाची ॲलर्जी असल्यास मात्र दही आणि पनीरही चालत नाही. म्हशीचे वा शेळीचे दूधही सुरक्षित पर्याय नव्हे.

निदान

काय खाल्ले, किती वेळाने कोणता त्रास झाला, याची नोंद डॉक्टरांना फार उपयोगी पडते. त्वचाचाचणी वा रक्तचाचणी सकारात्मक आली, एवढ्याने ॲलर्जी सिद्ध होत नाही. लक्षणांशी तिचा मेळ बसावा लागतो. स्वतःच्या मनाने अनेक पदार्थ तोडल्यास मुलाची वाढ खुंटण्याची भीती असते. गव्हामुळे होणारा सीलिॲक हा आजार निराळा आहे. त्याच्या तपासणीपूर्वी गहू बंद केल्यास निदान चुकू शकते.

आणीबाणी

श्वास कोंडणे, आवाज बसणे, मूल एकाएकी निस्तेज वा बेशुद्ध होणे ही तीव्र प्रतिक्रियेची लक्षणे आहेत. तत्काळ १०८ क्रमांकावर संपर्क साधावा. मांडीच्या बाहेरील स्नायूत दिले जाणारे ॲड्रेनॅलिनचे इंजेक्शन हाच यावरील पहिला उपचार आहे. खाज थांबवणारे औषध त्याची जागा घेऊ शकत नाही. मुलाला आडवे झोपवावे. श्वासाला त्रास होत असल्यास बसू द्यावे, पण उभे करू नये वा चालवू नये.

प्रतिबंध

पूर्वी असे पदार्थ उशिरा देण्याचा सल्ला दिला जाई. ब्रिटनमधील 'लीप' अभ्यासाने २०१५ साली हा समज मोडला. ॲलर्जीचा अधिक धोका असलेल्या बालकांना पहिल्या वर्षातच शेंगदाणा नियमित दिल्यास त्याची ॲलर्जी सुमारे ८० टक्क्यांनी घटल्याचे त्यात दिसले. सहा महिन्यांच्या सुमारास वरचे अन्न सुरू करताना स्तनपान चालू ठेवून नवे पदार्थ एकेक करून द्यावेत. शेंगदाणा बारीक वाटूनच द्यावा. अख्खा दाणा घशात अडकतो. तीव्र इसब असलेल्या बालकाबाबत आधी डॉक्टरांचा सल्ला घ्यावा.

दूध, अंडे व गहू यांची ॲलर्जी वाढत्या वयात अनेकदा नाहीशी होते; शेंगदाणा, काजू व कोळंबी यांची बहुधा टिकते. म्हणून ठरावीक काळाने फेरतपासणी करावी, पाकिटावरील घटकांची यादी वाचावी आणि अंगणवाडीत वा शाळेत पूर्वकल्पना द्यावी.