श्वसनविकार आणि गायन-सुषिरवादन

गायन आणि सुषिर वाद्यांचे वादन या दोन्ही कलांत ध्वनी उच्छ्वासाच्या हवेतून निर्माण होतो. त्यामुळे श्वसनविकारांचा या कलावंतांवर थेट परिणाम होतो. एका श्वासात स्वर टिकवून धरण्याच्या क्षमतेला दमसास म्हणतात. दमसास केवळ फुप्फुसांत मावणाऱ्या हवेवर नव्हे, तर उच्छ्वासावरील नियंत्रणावरही अवलंबून असतो.

श्वसनाची क्रिया

गाताना श्वास झटकन घेऊन सावकाश सोडावा लागतो. श्वासपटल, बरगड्यांमधील स्नायू व पोटाचे स्नायू हवेचा दाब राखतात. वाद्यानुसार गरज बदलते. बासरीत फुंकेची बरीच हवा वाया जाते. ओबोच्या अरुंद पत्तीतून मात्र थोडीच हवा जाते. म्हणून वादकाला नवा श्वास घेण्यापूर्वी उरलेली हवा बाहेर टाकावी लागते. सनईवादनात सूर धरणारा साथीदार गालांतील हवा वाद्यात ढकलत असतानाच नाकाने श्वास घेतो व स्वर अखंड ठेवतो.

विकार व परिणाम

दम्यात श्वासनलिका आकुंचन पावतात व उच्छ्वासास अडथळा येतो. परिणामी लांब आलाप किंवा स्वरावली मध्येच तुटते. सततच्या खोकल्याने स्वरतंतूंना सूज येते. दम्यावरील स्टेरॉइडयुक्त इनहेलरमुळे काहींचा आवाज घोगरा होतो. औषध घेतल्यावर चूळ भरल्याने तोंड व घशातील बुरशीसंसर्गाचा धोका कमी होतो. अस्वच्छ वाद्यातील बुरशीही फुप्फुसांना अपाय करू शकते. ब्रिटनमधील एका बॅगपाइपवादकाच्या जीवघेण्या फुप्फुसदाहाचा संबंध वाद्यातील बुरशीशी असावा, असे २०१६ मध्ये वैद्यकीय नियतकालिकात नोंदवले गेले.

कुमार गंधर्व

हिंदुस्थानी गायक कुमार गंधर्व (१९२४–१९९२) यांना १९४०च्या दशकाच्या उत्तरार्धात क्षयरोग झाला. हवापालटासाठी ते मध्य भारतातील देवास येथे राहिले. डॉक्टरांनी गाण्यास मनाई केल्याने काही वर्षे त्यांचे गायन थांबले. याच काळात त्यांनी माळव्यातील लोकगीते लक्षपूर्वक ऐकली. स्ट्रेप्टोमायसिन या औषधाने ते बरे झाले. मात्र एक फुप्फुस जवळजवळ निकामी झाले. १९५० च्या दशकाच्या पूर्वार्धात ते पुन्हा मैफली करू लागले. लहान, नेमके स्वरसमूह व त्यांमधील विराम ही त्यांच्या उत्तरकालीन गायकीची ओळख ठरली. मर्यादित श्वासाचा त्यात वाटा असला, तरी लोकसंगीताचे चिंतन व स्वतंत्र सौंदर्यदृष्टीही या गायकीमागे होती.

व्यवस्थापन

औषधोपचार नियमित ठेवणे, बंदिशीत श्वासाच्या जागा आधीच ठरवणे, धूर व धूळ टाळणे आणि वाद्य वाजवल्यावर आतून कोरडे करणे हे उपयुक्त ठरते. धाप लागत असल्यास रियाज थांबवून वैद्यकीय सल्ला घेणे आवश्यक असते.